सॉफ्टवेअर बसवण्याआधी तपासणी ठरवा

सोनगीरच्या बाजारात तांब्याचा हंडा विकला जातो तेव्हा एका बिलात पाच-सहा हिशेब गुंतलेले असतात. नव्या हंड्याचे वजन, त्याचा भाव, घडाईची मजुरी, गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या भांड्याची मोड, तिचे वेगळे वजन, वेगळा भाव, झाळ-डागाची घट आणि वरून जीएसटी. पूर्वी दिवाणजी हे वहीवर मांडायचे आणि समोर बसलेली म्हातारी 'मनी मोड कितली भरनी?' असे विचारून सगळा हिशेब त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यायची. आता हिशेब संगणक करतो. छापील बिल हातात पडले की ते कोणी पुन्हा विचारत नाही.

म्हणून सोनगीर, धुळे, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर या पट्ट्यातले दुकानदार, पतसंस्थांचे संचालक, जिनिंगवाले आणि बाजार समितीतले आडते यांना माझी कळकळीची विनंती आहे. धंद्यासाठी सॉफ्टवेअर घ्याल किंवा करून घ्याल तेव्हा नुसता डेमो पाहून होकार देऊ नका. ते कसे तपासणार हे आधी कागदावर ठरवा, आणि ही तपासणी थराथराने ठरवा. डेमो दाखवणारा नेहमी सरळ बिल करून दाखवतो. मोड नसलेले, परतावा नसलेले, वीज न गेलेले बिल. तुमच्या दुकानात असे बिल दिवसातून किती होतात, ते तुम्हालाच ठाऊक.

सर्वांत खालचा थर म्हणजे एकेका हिशेबाची तपासणी. संगणकवाले याला युनिट टेस्ट म्हणतात. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा हंडा ३.४२० किलो भरला आणि मजुरी धरून भाव किलोला १,१५० रुपये आहे. किंमत झाली ३,९३३ रुपये. गिऱ्हाइकाची मोड घट वजा जाता २.१८० किलो, तिचा भाव ६५० रुपये, म्हणजे १,४१७ रुपये. कराचा दर ५ टक्के धरू. कर कशावर लावायचा? जीएसटीच्या नियमाने तो नव्या मालाच्या पूर्ण किमतीवर लागतो. मोडीची रक्कम आधी वजा करून उरलेल्यावर लावता येत नाही. म्हणजे ३,९३३ रुपयांवर १९६ रुपये ६५ पैसे. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने मोड आधी वजा केली, तर कर २,५१६ रुपयांवर लागेल आणि १२५ रुपये ८० पैसेच येईल. एका हंड्यामागे ७० रुपये ८५ पैसे कर कमी. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, कारण त्याला कमीच द्यावे लागले. दुकानदाराला कळणार नाही, कारण बिल व्यवस्थित छापून येते. कळेल ते कर खात्याची नोटीस आल्यावर, व्याजासकट.

याच बिलात आणखी एक बारीक गोष्ट दडलेली आहे. कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा दाखवायचा असतो. १९६.६५ चे निम्मे ९८.३२५. तिसरा दशांश छापता येत नाही. दोन्हीकडे वर उचलले तर ९८.३३ अधिक ९८.३३ म्हणजे १९६.६६. एक पैसा वाढला. एका पैशाचे काय, असे म्हणाल. पण बिलाची बेरीज, विवरणपत्रातली बेरीज आणि टॅलीतली बेरीज वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने पैसे उचलत असतील, तर महिनाअखेरीस तिन्ही जुळत नाहीत आणि हिशेबनीस रात्र जागवून तो फरक शोधत बसतो. पैसा कुठे उचलायचा, हे तुमच्या सीएंनी ठरवायचे आहे. ते प्रोग्रामरच्या अंदाजावर सोडू नका. अशी चाळीस-पन्नास उदाहरणे उत्तरांसह लिहून द्या. प्रोग्रामर ती एकदा यंत्रात बसवतो आणि पुढे प्रत्येक बदलानंतर ती काही सेकंदांत आपोआप तपासली जातात. एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही, म्हणून तिची संख्या सर्वांत जास्त ठेवायची. अमेरिकेतले माइक कोन यांनी २००९ मध्ये आपल्या पुस्तकात हे पिरॅमिडच्या आकारात मांडले: तळाशी लहान तपासण्या भरपूर, वर जाऊ तशा मोठ्या आणि महाग तपासण्या मोजक्या. बहुतेक ठिकाणी उलटे घडते. तळ मोकळाच असतो आणि शेवटी दोन माणसे दोन दिवस पडद्यावर इकडेतिकडे बटणे दाबून पाहतात.

दुसरा थर सांध्यांचा. तांबट हंड्याचे दोन भाग जोडतो तेव्हा भाग कितीही उत्तम घडवलेले असोत, पाणी गळते ते झाळलेल्या सांध्यातून. सॉफ्टवेअरचेही तसेच. वजनकाटा संगणकाला वजन पाठवतो, बिल साठ्यातून माल वजा करते, यूपीआयचा पैसा आल्याचा निरोप बँकेकडून येतो, ई-वे बिल सरकारी यंत्रणेकडे जाते. हे सगळे सांधे आहेत. काट्याला वैधमापन शास्त्र विभागाचे शिक्के असतात, त्याची ठरल्या मुदतीने पडताळणी होते. पण काट्यातून निघालेला आकडा बिलात पोहोचेपर्यंत काय होतो, हे कोणतेही खाते पाहत नाही. जुना काटा बदलून नवा आणला आणि तो किलोऐवजी ग्रॅममध्ये आकडा पाठवू लागला, तर? काटा बरोबर, प्रोग्रामही बरोबर, बिल मात्र चुकीचे. अमेरिकेच्या नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून याच कारणाने नष्ट झाले. एका गटाचे सॉफ्टवेअर इंग्रजी मापात आकडे देत होते, दुसऱ्याचे ते मेट्रिक समजून वापरत होते. सांधा जोडून कोणी नीट तपासला नव्हता.

पतसंस्थेत हा सांधा जास्त नाजूक असतो. पिग्मी एजंट दिवसभर हातातल्या यंत्रावर वसुली नोंदवतो. खेड्यात रेंज नसते, म्हणून नोंदी यंत्रातच साठतात आणि संध्याकाळी शाखेत आल्यावर एकदम वर चढतात. निम्म्या नोंदी गेल्या आणि नेट तुटले. एजंटने पुन्हा बटण दाबले. आता आधी गेलेल्या नोंदी दुसऱ्यांदा जमा झाल्या का? हे तपासायला मोठे ज्ञान लागत नाही. शाखेत बसून, नोंदी जात असताना मुद्दाम नेट बंद करायचे, पुन्हा सुरू करून पाठवायच्या आणि बेरीज जुळते का पाहायचे. जी पतसंस्था सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर एवढी एक तपासणी करून घेईल, ती पुढची बरीच भांडणे टाळेल.

इथे मला इंग्लंडमधल्या टपाल खात्याची गोष्ट सांगावीच लागेल, कारण संचालक मंडळावर बसलेल्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी. तिथल्या पोस्ट ऑफिसने होरायझन नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा बसवली. छोटी पोस्ट कार्यालये चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. माणसे सांगत होती की पैसे आम्ही घेतले नाहीत. संस्था म्हणत होती की संगणक चुकत नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. दोष यंत्रणेत होते. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या शाखेत यंत्राचा आकडा आणि एजंटचा आकडा जुळला नाही तर आपण पहिल्यांदा कोणाकडे बोट दाखवतो, याचा विचार करा. ज्या यंत्राची तपासणी कागदावर नाही, त्याच्या जोरावर गरीब एजंटला चोर ठरवू नका.

तिसऱ्या थरात सगळा धंदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहायचा. भांड्याच्या धंद्यात सुरुवात पत्र्यापासून होते. कारागिराला ५० किलो पत्रा दिला. त्याच्याकडून ४६.५ किलोची भांडी आली, ३.२ किलो कतरण आली, ३०० ग्रॅम घट धरली. साठ्यात हे चारही आकडे जिथल्या तिथे बसले पाहिजेत आणि कारागिराच्या खात्यावर त्याची मजुरी चढली पाहिजे. मग त्यातला हंडा विकायचा, मोड साठ्यात घ्यायची, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हंडा परत घेऊन आले असे धरून परतावा करायचा, एक बिल रद्द करायचे, एक बिल अर्धे झालेले असताना संगणकाची वायर काढायची. धुळे जिल्ह्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा वायर काढून पाहणे हा तपासणीचा हक्काचा भाग आहे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ते अर्धे बिल कुठे गेले? बिल क्रमांक मधला एखादा गाळला गेला का? साठ्यातून हंडा वजा झाला आणि पैसे जमाच झाले नाहीत, असे तर झाले नाही?

तारखांकडे विशेष लक्ष द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले. २० सप्टेंबरला जुन्या दराने विकलेला माल २५ सप्टेंबरला परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूपुढे एकच दर लिहायची सोय होती, तिथे दर बदलताच जुन्या बिलांचा परतावाही नव्या दराने होण्याचा धोका होता. ३१ मार्च आणि १ एप्रिल, २९ फेब्रुवारीचे व्याज, रात्री बारानंतर केलेले बिल, हे सगळे तपासणीच्या कागदावर आधीच लिहून ठेवा. नावांचेही तसेच. खान्देशात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन पाटील एका गावात सहज सापडतात. एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर दिसते का, हे असे दोन खोटे सभासद तयार करून पाहा. खोटे म्हणतो ते मुद्दाम. खऱ्या सभासदांचे आधार आणि मोबाइल क्रमांक तपासणीसाठी कोणाच्या लॅपटॉपवर देऊ नका.

चौथा थर ज्याला ते वापरायचे आहे त्याचा, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त दुर्लक्ष यालाच झालेले मी पाहतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. तपासणाऱ्या प्राध्यापकांचा हात बसलेला नव्हता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, परदेशी आणि इतर विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणारी मुले निकालाविना अडकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले.

त्याच वर्षी शेतकरी कर्जमाफीची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ऑनलाइन अर्जांवर उभी राहिली. १८ ऑक्टोबर २०१७ ला, दिवाळीच्या तोंडावर, पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे दिसू लागली आणि पडताळणी नव्याने करावी लागली. यात कोणत्या पक्षाचे सरकार होते, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. पुढच्या वेळी काय वेगळे केले गेले, ते महत्त्वाचे. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, जिल्ह्यामागे दोन गावे. तीत १५,३५८ शेतकरी होते. शेतकऱ्याने बँकेत किंवा आपले सरकार केंद्रात जायचे, आधारची खातरजमा करायची, पडद्यावर आपल्या कर्जाची रक्कम पाहायची आणि ती मान्य आहे की नाही ते सांगायचे. मान्य नसेल तर तक्रार कुठे जाणार, तेही आधी ठरलेले. या गावांत काय अडते ते दिसले, आणि २१ लाखांहून अधिक शेतकऱ्यांची दुसरी यादी त्यानंतर, २९ फेब्रुवारीला लागली. मधे थोडेच दिवस होते, पण चूक १५ हजारांत सापडणे आणि २१ लाखांत सापडणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पडद्यावरची रक्कम पाहून हो किंवा नाही म्हणणारा शेतकरी हाच त्या यंत्रणेचा शेवटचा तपासनीस होता.

तुमच्या दुकानातही असेच करा. पाच शाखा असतील तर एकीत बसवा. एकच दुकान असेल तर वही बंद करू नका, महिनाअखेर धरून किमान एक पूर्ण महिना वही आणि संगणक बरोबरीने चालवा. आणि संगणकावर त्यालाच बसवा जो रोज बसणार आहे. मालकाचा पुण्यात शिकणारा मुलगा सुट्टीत येऊन 'चांगले आहे' म्हणाला, याला तपासणी म्हणत नाहीत.

गर्दीचा प्रश्न वेगळा आहे. देशभरची ई-वे बिल यंत्रणा १६ जानेवारी २०१८ पासून चाचणीसाठी खुली होती. तेव्हा वापरणे ऐच्छिक होते. १ फेब्रुवारीला ५० हजारांवरच्या मालासाठी ती सक्तीची झाली, सगळा देश एकाच सकाळी तिच्यावर तुटून पडला आणि पहिल्याच दिवशी ती कोलमडली. सक्ती मागे घ्यावी लागली, आंतरराज्य मालासाठी ती १ एप्रिलला पुन्हा आली. मुंबई-आग्रा रस्त्यावर मालाची गाडी उभी करून बिलाची वाट पाहणे काय असते, हे सोनगीरकरांना सांगायला नको. तुमची गर्दी आखाजीला, लग्नसराईत आणि धनत्रयोदशीला होते. त्या दिवशी दोन-तीन काउंटर एकाच वेळी बिल करतील, तर तपासणीतही तितके संगणक एकदम चालवून पाहा. बॅकअपबद्दल एवढेच सांगतो की बॅकअप घेतला जातो हे पुरेसे नाही. तो दुसऱ्या संगणकावर उघडून कालचे बिल दिसते का, ते पाहा. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून दुपारी ३.४५ पर्यंत बंद पडले. पर्यायी केंद्र असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नव्हते.

अपडेट आले की पुन्हा सगळे तपासावे लागते का? हो. म्हणूनच तळाच्या तपासण्या यंत्राकडून करून घ्यायच्या. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने २०१२ मध्ये नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरांवर चढवायचे होते, ते एकावर चढवायचे राहिले. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर साधारण पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर बुडाले. आपल्याकडे हीच गोष्ट लहान प्रमाणात रोज घडते. एका काउंटरवर नवी आवृत्ती, दुसऱ्यावर जुनी, आणि दोन्हींचे दर वेगळे.

हे सगळे सगळ्यांना सारखेच करता येणार नाही आणि करायचीही गरज नाही. एक संध्याकाळ काढा. मालक, हिशेबनीस, काउंटरवरचा माणूस आणि सीए असे बसा. कागदावर दोनच प्रश्न मांडा: कुठे चुकले तर पैसे जातील, आणि कुठे चुकले तर एखाद्या माणसाचे वाटोळे होईल. या दोन उत्तरांत जे येईल ते चारही थरांत तपासायचे. बिलाचा रंग, लोगो, अहवालाची मांडणी यांना एकदा डोळ्यांखालून घातले तरी चालते. मग तो कागद विक्रेत्याला द्या आणि करारात लिहून घ्या की ही उदाहरणे बरोबर सुटल्याशिवाय आणि एक महिना वहीशी जुळल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही, त्याचीही पुढची धावपळ वाचते. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर द्या.

धुळे, शिरपूर, जळगाव इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या प्राध्यापकांनाही एक सांगायचे आहे. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट म्हणून तेच ते हजेरीचे ॲप आणि ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर करण्यापेक्षा सोनगीरच्या एका भांड्याच्या दुकानाचा किंवा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा तपासणी-संच तयार करा. मोडीची बिले, कतरणीचा हिशेब, पिग्मीच्या दुबार नोंदी, जुन्या-नव्या दराचे परतावे, अपेक्षित उत्तरांसह. तो कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला लावून पाहता येईल असा ठेवा, म्हणजे गावातल्या दुसऱ्या दुकानदारालाही उपयोगी पडेल. आणि तोंडी परीक्षेला त्या दुकानातल्या हिशेबनीसाला बोलवा. कुठली बिले तुमच्याकडून राहिली, ते तो सांगेल.